मान वळली म्हणजे मानमोडी नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरजवळच्या राऊ गावाच्या शेतावर एक गृहस्थ शोभेचे गोल्डन फेझंट पाळतात. अंडी उबवण्याच्या मशीनमधून निघालेली त्यांची १४ पिल्लं आज १९ दिवसांची आहेत. दहाव्या दिवशी विष्ठा लालसर दिसली म्हणून दुकानदाराने अँप्रोलियमची पावडर दिली आणि ती आठ दिवस पाण्यातून चालू आहे. परवा दोन पिल्लं टाचांवर बसून आभाळाकडे बघू लागली. काल तिसऱ्याची मान एका अंगाला पिळली आणि चालायला गेलं की ते कोलांटी खातं. बाकीची ११ धडधाकट आहेत, दाणा खातात. शेजारच्या पोल्ट्रीवाल्याने सांगितलं, "ही मानमोडी आहे, सगळी पिल्लं मारून पुरून टाका." तर काय करावं?

आधी हे, की कुणालाही मारू नका. निदान आज तरी नाही.

घोटाळा नावातच आहे. कोंबड्यांच्या राणीखेत रोगाला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, त्यामुळे मान वाकडी झालेलं प्रत्येक पाखरू लोक त्याच खात्यात टाकतात. (आपल्या पणजोबांच्या पिढीने १९१८च्या इन्फ्लुएंझालाही मानमोडीच म्हटलं होतं, तेव्हा या शब्दावर फार विसंबू नये.) राणीखेत फेझंटला होतो हे खरं. पण तो असा येत नाही. तो आला की चोच उघडी टाकून धापा, हिरवट पातळ हगवण, पंख गळालेले, दाण्याकडे पाठ, आणि एका-दोन दिवसांत पटापट मरतूक. मान वळलेली दिसते ती बहुतेक वेळा त्यातून वाचलेल्या किंवा चार दिवस तग धरलेल्या पाखरांत. तुमच्याकडे १४ पैकी ११ पिल्लं दाण्यावर तुटून पडताहेत, एकही मेलेलं नाही, श्वास साफ आहे. ही राणीखेतची चाल नव्हे. तरी तुमच्या कोंबड्यांना लस टोचलेली नसेल आणि त्या याच आवारात फिरत असतील तर शंका पूर्ण पुसून टाकू नका. दोन दिवस पिल्लांकडे जाताना चपला वेगळ्या घाला आणि हात धुऊन जा.

आता तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओबद्दल. मला त्यात तीन आजारी पिल्लं दिसली नाहीत, दोन अधिक एक अशी दिसली. पहिल्या दोघांची डोकी सरळ मागे, पाठीला टेकलेली, पाय दुमडून टाचांवर बैठक. तिसऱ्याची मान मागे नाही, बाजूला पिळलेली आहे आणि ते तोल जाऊन उलटं पडतं. हा फरक साधा वाटतो, पण निम्मं निदान त्यातच आहे.

आभाळ बघणाऱ्या दोघांपासून सुरू करू. ही बैठक जीवनसत्त्व बी-वनच्या, म्हणजे थायमिनच्या कमतरतेची आहे, आणि ती कमतरता बहुधा तुमच्या औषधाच्या डब्यातून आली आहे. अँप्रोलियमची रचना थायमिनसारखी असते. कॉक्सीचा, म्हणजे आतड्याच्या कॉक्सिडिओसिस रोगाचा, जंतू थायमिन समजून तेच घेतो आणि उपाशी मरतो. जंतू त्याला पाखरापेक्षा पुष्कळ जास्त बळी पडतो म्हणून औषध चालतं. पण मात्रा वाढली, दिवस लांबले, की पाखराचंही थायमिन अडतं. आणि पहिला फटका मेंदूला आणि नसांना बसतो.

मात्रेचा हिशोब करा. पाण्यातून अँप्रोलियम ०.०२४ टक्के द्यायचं, तीन ते पाच दिवस, आणि गरज असेल तर त्यानंतर चौथ्या हिश्श्याने, म्हणजे ०.००६ टक्के, आठवडा-दोन आठवडे. बाजारात मिळणारी पावडर बहुधा २० टक्क्यांची असते. म्हणजे एका लिटरला १.२ ग्रॅम. तुम्ही लिहिलंय, "लिटरला एक चमचा, सपाट." चहाच्या चमच्यात अशी पावडर तीन ते पाच ग्रॅम मावते. म्हणजे अडीच ते चौपट मात्रा, तीही आठ दिवस, आणि तीही मे महिन्यात, जेव्हा पिल्लू एरवीपेक्षा कितीतरी जास्त पाणी पितं. चमच्याने औषध मोजणं आता सोडा. सराफाचा नको, पण तीन-चारशे रुपयांचा छोटा काटा घ्या. अर्धा ग्रॅम चुकला तर पाच किलोच्या कुत्र्याला जे होत नाही ते मुठीएवढ्या पिल्लाला होतं.

तर अँप्रोलियम आत्ता बंद. भांडी धुऊन साधं पाणी. मग औषधाच्या दुकानातून नुसत्या बी-वनची १०० मिलिग्रॅमची गोळी आणा. बी-कॉम्प्लेक्स नको, नुसती बी-वन. गोळी कुटून १०० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवा. साल तळाशी बसेल, वरचं पाणी घ्या. एका मिलीत एक मिलिग्रॅम झालं. त्यातलं अर्धा मिली, दिवसातून तीन वेळा, चोचीच्या कडेला थेंब-थेंब सोडून. पिल्लू स्वतः गिळेल तेवढंच. मागे मान गेलेल्या पिल्लाच्या तोंडात सिरिंजने पिचकारी मारली तर पाणी श्वासनळीत जातं आणि मग आपण नसत्या आजाराने त्याला मारतो. मिश्रण रोज नवं करा. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारं आहे, थोडं जास्त गेलं तर लघवीवाटे जाईल, त्याची धास्ती नको.

इथे बी-वन औषधही आहे आणि तपासणीही. कमतरता खरी असेल तर सुधारणा काही तासांत दिसते. सकाळी सातला दिलं तर दुपारपर्यंत डोकं खाली यायला लागतं. मी असं पिल्लू संध्याकाळी दाणा टिपताना पाहिलं आहे. चोवीस तासांत काहीच हललं नाही तर माझा अंदाज चुकला असं समजा आणि मला किंवा जवळच्या पशुवैद्याला पुन्हा विचारा. म्हणूनच सुरुवातीला सगळी जीवनसत्त्वं एकदम पाण्यात ओतू नका. कशाने बरं झालं तेच कळत नाही, आणि पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा तिथेच उभे राहता.

एक गोष्ट जाता जाता. आपल्याकडची दुकानं कॉक्सीच्या पावडरीबरोबर "ताकदीसाठी" बी-कॉम्प्लेक्सची बाटलीही बांधून देतात. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं असा तो प्रकार आहे. थायमिन दिलं की अँप्रोलियमचा जोर उतरतो. दोन्ही एकत्र कधी नको. आणि कॉक्सी खरंच होता का? लालसर विष्ठा म्हणजे दर वेळी रक्त नव्हे. आतड्याचं अस्तर सुटून केशरी-लाल चिकट धागा पडतो आणि माणूस घाबरतो. ताजी विष्ठा डबीत घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला लावा. खरोखर कॉक्सी निघाला तर टोल्ट्राझुरिल हा पर्याय आहे, पशुवैद्याने मोजून दिलेला.

आता तिसरं पिल्लू, आणि इथे मला तुमच्या दाण्याबद्दल बोलायचं आहे.

तुम्ही लिहिलंय, ब्रॉयलर प्री-स्टार्टरची, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या लहान पिल्लांच्या दाण्याची, गोणी मार्चच्या सुरुवातीला घेतली, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली, आणि प्रथिनं कमी पडतात म्हणून त्यात घरी कुटलेली सुकट मिसळता. प्रथिनं कमी पडतात हे तुमचं अगदी बरोबर. फेझंटच्या पिल्लाला पहिले चार आठवडे साधारण २८ टक्के प्रथिनं लागतात, आणि ब्रॉयलरचा दाणा २२-२३ वर थांबतो. पण सुकटीत माशाचं तेल असतं, ते लवकर खवट होतं. मे महिन्यातल्या पत्र्याखाली तर फारच लवकर. आणि खवट तेल दाण्यातलं जीवनसत्त्व ई खाऊन टाकतं. गोणीवर ई लिहिलेलं असतं, पिल्लाच्या पोटात पोहोचत नाही.

ई कमी पडलं की लहान मेंदूला सूज येते, बारीक रक्तस्राव होतात. तोल सांभाळणारा भाग तोच. म्हणून पिल्लाची मान पिळते, डोकं पायांत जातं, ते मागे कोलमडतं, पाय सायकल चालवल्यासारखे हलतात. हे बहुतेक १५ ते ३० दिवसांच्या वयात दिसतं. तुमचं १९ दिवसांचं. वास घेऊन बघा. मूठभर दाणा हातात चोळा आणि नाकाशी धरा. जुन्या तेलाच्या डब्यासारखा वास आला तर ती गोणी गाईलाही घालू नका.

त्याला ई द्या. माणसांची ४०० युनिटची कॅप्सूल टाचणीने टोचून साधारण पाव भाग रोज, आठवडाभर, मऊ दाण्यावर किंवा चोचीच्या कडेला. सेलेनियम ई-च्या जोडीने काम करतं, पण त्याची इंजेक्शनं घरी देऊ नका. लागणाऱ्या मात्रेत आणि विषारी मात्रेत फार अंतर नाही. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक चिमूटभर रोज द्या, सेलेनियम त्यात असतं. त्याच्याबरोबर बी-वनही द्या, कारण त्याने आठ दिवस तेच पाणी प्यायलं आहे.

खोटी आशा मात्र देत नाही. बी-वनच्या कमतरतेत नस उपाशी असते, खाऊ घातलं की उठते. ई-च्या कमतरतेत मेंदूचा तुकडा खराब झालेला असतो. किती खराब झाला त्यावर सगळं. काही सुधारतात, काही मान थोडी तिरपी ठेवून आयुष्य काढतात, काही जातात. ई-चं खरं काम बाकीच्या ११ जणांना वाचवणं हे आहे. म्हणून आजच ताजा दाणा आणा आणि आठवडाभर सगळ्यांच्या पाण्यात ई-सेलेनियमचं पोल्ट्रीचं द्रावण लेबलावरच्या मात्रेने द्या.

मी हे इतक्या ठामपणे सांगतो त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत देपालपूरच्या बाजूला एका शेतकऱ्याकडे कडकनाथची तीन आठवड्यांची पिल्लं अशीच कोलमडत होती. मी लांबूनच बघितलं, मानमोडी म्हटलं, लस देऊन परत आलो. आठवड्याने गेलो तर निम्मी पिल्लं गेली होती आणि उरलेली तोच दाणा खात होती. म्हातारीने, त्यांच्या आईने, गोणीत हात घालून माझ्या नाकाशी धरला आणि म्हणाली, "डॉक्टरसाब, हे आम्ही तळणाला वापरणार नाही." तेव्हापासून मी पिल्लाला हात लावण्याआधी गोणीत हात घालतो.

बाकीच्या शक्यता तुमच्याकडे लागू दिसत नाहीत, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागतील म्हणून लिहितो. मान पिळलेली नसून ओल्या चिंध्यासारखी लोंबत असेल, पिल्लू उचललं तरी डोकं वर येत नसेल, पिसं हलक्या हाताने उपटून येत असतील, तर ते बोटुलिझम. जवळपास कुजलेलं मेलेलं पाखरू किंवा त्यावरच्या अळ्या शोधा. फेझंट अळ्या मिटक्या मारत खातात. एक ते तीन आठवड्यांच्या पिल्लाला तळहातावर धरल्यावर डोकं आणि मान बारीक थरथरतेय असं बोटांना कळलं तर विषाणूचा मेंदूदाह मनात येतो. त्याला औषध नाही, तो अंड्यातून येतो, आणि तेव्हा प्रश्न आई-बापांचा असतो. एकाच पिल्लाची मान एकाच बाजूला आणि तीही अचानक, तर आधी मार लागलाय का बघा. फेझंटची पिल्लं कोंबडीच्या पिल्लांसारखी शहाणी नसतात. दुसऱ्या आठवड्यात पंख फुटतात आणि ती सरळ जाळीवर, दिव्यावर उडी घेतात. डोक्यावरची पिसं फुंकर मारून बाजूला करा, टोचल्याची जखम किंवा काळंनिळं दिसतं. कानाचं भोकही बघा. आत पिवळा खडा किंवा घाण वास असेल तर संसर्ग आहे आणि पशुवैद्याने तपासून दिलेलं प्रतिजैविक लागेल. पावसाळ्यात पिल्लांखाली अंथरलेला तूस ओला राहून बुरशी आली की तिचे कण फुप्फुसात जातात, कधी मेंदूतही. धाप आणि वाकडी मान एकत्र दिसली तर तूस उचलून वास घ्या. आणि मान जन्मतःच वळलेली असेल तर मशीन बघा. तापमान ३७.५ च्या वर सरकलं होतं का, शेवटच्या तीन दिवसांत अंडी फिरवणं थांबवलं होतं का. एकाच जोडीच्या अंड्यांतून दर वेळी अशी पिल्लं निघाली तर ती भावंडांची जोडी असण्याची शक्यता आहे, ती मोडा.

आता सेवा. खरं सांगायचं तर निम्मी वाकड्या मानेची पिल्लं आजाराने जात नाहीत, तहानेने, बुडून आणि टोचून जातात.

तिन्ही पिल्लं आत्ताच्या आत्ता वेगळी करा. फेझंटची जात टोचकी असते. वाकडं चालणारं पिल्लू त्यांना किड्यासारखं दिसतं आणि एकदा रक्त दिसलं की संपलं. पण एकटं ठेवू नका, तिघं एकत्र ठेवा. एकटं पिल्लू ओरडून ओरडून खाणं सोडतं. खोक्यात खाली वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरतात आणि पायही फाकतात. जुनं टॉवेल किंवा गोणपाट घाला. छोटा नॅपकिन गुंडाळून त्याचा कडं करा, पाणी भरायच्या घागरीखाली चुंबळ ठेवतात तशी. त्या चुंबळीत पिल्लाला छातीवर बसवा म्हणजे ते कलंडत नाही आणि मान आधाराला टेकते. पाण्याच्या झाकणात गोट्या किंवा धुतलेले खडे भरा. मान ज्याच्या ताब्यात नाही ते पिल्लू अर्ध्या इंच पाण्यातही बुडतं.

दाणा भिजवून पातळ खिरीसारखा करा आणि दर दोन तासांनी थोडा-थोडा द्या. एका हाताने डोकं अलगद, दुखणार नाही इतपतच, सरळ धरायचं आणि दुसऱ्याने चोचीच्या टोकाला लावायचं. ते चोच चाटून घेतं. बी-वन लागू पडलेलं पिल्लू दुसऱ्या दिवशी स्वतः टिपायला लागतं, तेव्हा दाणा खोल भांड्यात न ठेवता टॉवेलवर पसरा. काही लोक फोमच्या तुकड्याची पट्टी मानेला बांधतात. मला ते पटत नाही. इतक्या लहान मानेला पट्टी सैल बसली तर उपयोग नाही, घट्ट बसली तर अन्ननळी दाबते. त्यापेक्षा खाऊ घालताना मिनिटभर डोकं सरळ धरणं बरं.

उबेबद्दल एक इंदुरी गोष्ट. शब-ए-मालवाचं आपण कौतुक करतो, पण तीच गार रात्र पिल्लांना नडते. दुपारी चाळिशी आणि पहाटे वारं. तुम्ही दुपारी दिवा बंद करता आणि रात्री लावायला विसरता, किंवा लाइट जाते. निरोगी पिल्लं एकमेकांना चिकटून निभावतात, आजारी पिल्लू तसंच पडून राहतं. तीन आठवड्यांच्या पिल्लाला साधारण २९ अंश पुरे, पण या तिघांना आठवडाभर एक-दोन अंश जास्तच ठेवा. खोक्याचं एक टोक गरम आणि दुसरं गार असू द्या.

यातलं कुणी गेलं तर पुरू नका आणि फ्रीजरमध्येही टाकू नका. गोठलेल्या मेंदूत काही वाचता येत नाही. पिशवीत, बर्फावर ठेवून महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्याच दिवशी न्या. राऊहून महू म्हणजे काही लांब नाही. लहान मेंदूवरचे रक्ताचे ठिपके शवविच्छेदनात नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतात, आणि तुमचा दाण्याचा प्रश्न तिथेच मिटतो. उलट एकाच दिवशी तीन-चार मेली, धापा दिसल्या, किंवा आवारात कावळे मरून पडलेले दिसले, तर पिल्लू घेऊन कुठेही हिंडू नका, पशुसंवर्धन विभागाला फोन करा. डिसेंबर २०२० च्या अखेरीस इंदुरात कावळे मेले होते, त्यांच्यात बर्ड फ्लूचा एच५एन८ विषाणू निघाला आणि नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत तपासले गेले होते. त्या वेळी पाळीव पाखरांची ने-आण करणाऱ्यांनी किती धोका पत्करला, ते आठवलं तरी अंगावर काटा येतो.

तुमच्या पत्रात शेवटी विचारलंय की शेतात सापडलेल्या मोराच्या पिल्लालाही हेच चालेल का. औषध चालेल, पण ते पिल्लू तुम्ही ठेवू शकत नाही. मोर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. वनविभागाला कळवा आणि तोवर फक्त उबेत ठेवा. गोल्डन फेझंट मूळचा चीनचा, म्हणून तुमच्याकडे आहे. आपल्या देशी रानकोंबड्यांना आणि कालिज फेझंटलाही तोच कायदा लागू.

पुढच्या खेपेसाठी दोनच गोष्टी बदला. प्री-स्टार्टर पंधरा दिवसांपुरताच आणा, पत्र्याच्या शेडऐवजी घरात, झाकणाच्या पिंपात ठेवा, आणि गोणीवर छापलेली तारीख बघून घ्या. त्यात कॉक्सीसाठी कोणतं औषध घातलंय तेही लेबलावर वाचा. सॅलिनोमायसिन टर्कीला घातक आहे, मी ते फेझंटच्या पिल्लांनाही देत नाही. प्रथिनांसाठी सुकटीऐवजी उकडलेलं अंडं बारीक करून आणि भाजलेल्या सोयाबीनचं पीठ घाला. इंदुरात सोयाबीनला तोटा नाही, फक्त कच्चं नको, कच्च्यात पचन अडवणारे घटक असतात. आणि मोठ्या जोड्यांना अंड्यांचा हंगाम सुरू होण्याआधी महिनाभर चांगला ब्रीडर दाणा द्या. पिल्लाच्या पहिल्या आठवड्याचं ई आईच्या खाण्यातून बलकात आलेलं असतं.

तिसऱ्या पिल्लाला दहा दिवस द्या. तोवर ते स्वतः टिपायला लागलं नाही, रोज वजनात उतरत गेलं आणि सतत गोल फिरत राहिलं, तर पशुवैद्याकडून शांतपणे संपवून घ्या. पहिली दोन सरळ झाली की त्यांना घाईने परत टाकू नका, आणि दिवसाढवळ्या तर मुळीच नको. दाणा-पाण्याची भांडी दोनच्या चार करा, अंधार पडल्यावर दोघांनाही एकदम बाकीच्यांच्या मध्ये सोडा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जाळीपाशी तुम्ही स्वतः उभे राहा.